भांगेचा पेला आणि गांजाची बंदी

महोदय,

गांजा कायदेशीर करावा का, यावर लोकमत अजमावताना प्रश्न नेमका कोणत्या पदार्थाबद्दल आहे, हे आधी सांगितले पाहिजे. महाशिवरात्रीला थंडाईचा पेला हातात धरून गांजाबंदीचे समर्थन करणारे गृहस्थ आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली भेटतात. पेल्यातली हिरवी भांग त्याच झाडाच्या पानांची असते, हे सांगितले की ते आधी हसतात आणि मग विषय बदलतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने (एनडीपीएस) गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे घेतले, मात्र शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया त्यातून वगळल्या.

सरसकट मोकळीक मला मान्य नाही, कारण यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरांचे दारूने केलेले हाल मी जवळून पाहिले आहेत. मात्र सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद सांगणाऱ्या याच कायद्यातील कलम ६४-अ, मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. मुलाच्या दप्तरात पुडी सापडल्यावर बदनामीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या पालकांना ही तरतूद ठाऊक नसते. पोलीस ठाण्यांत आणि महाविद्यालयांत तिचे मराठी फलक लावावेत, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर