थडगी वाचणारी पोरं

बेळगाव,
रविवार

प्रिय मित्रा,

फोनवर तू नुसता हसलास, म्हणून सविस्तर लिहितोय. होय, नववीची पोरं घेऊन मी कॅम्पातल्या जुन्या इंग्रजांच्या दफनभूमीत गेलो होतो. आदल्या रात्री एका आईचा फोन, "सर, अमावास्या तोंडावर आलीय, दुसरीकडं कुठं न्या की!" म्हटलं, ताई, तिथं सगळे गोरे, त्यांना आपली अमावास्या कळायची नाही. पटलं असावं, पोरगं आलं.

पुस्तकात १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, मग छावणी बसवली, एवढंच. पोरांना आधी वजाबाकी करायला लावली: मेल्याच्या सालातून जन्माचं साल काढा. दंगा हळूहळू थांबला, कारण उत्तरं विशी-तिशीतली यायला लागली. काही दगडांवर तर वजाबाकीच नाही, नुसते महिने आणि दिवस. त्या काळच्या छावण्यांत लढाईपेक्षा पटकी, हिवताप आणि आमांशानंच जास्त माणसं नेली, हे सांगायला मला वेगळा धडा घ्यावा लागला नाही.

एका संगमरवरी पाटीवर ओळीनं बारीक भोकं होती. "सर, गोळ्या लागल्यात काय?" गोळ्या कसल्या! भोकं पाडून त्यात शिसं ठोकून अक्षरं बसवायची पद्धत होती. शिसं गळून पडलं, भोकं राहिली. एकानं भोकांवरून बोट फिरवत अख्खं आडनाव लावलं, मी चष्मा पुसेपर्यंत. पुसट दगडांसाठी घरून आरसा नेला होता. ऊन कडेनं, तिरकं टाकलं की बुजलेलं अक्षर सावली धरतं आणि वर येतं. खडू घासायचा नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. संगमरवर आधीच आपल्या पावसानं झिजलेला असतो. मधेच तुटलेला खांब म्हणजे अकाली गेलेलं माणूस, नांगर म्हणजे आशा, कोकरू बहुतेक लेकराच्या थडग्यावर. खुणा एकदा सांगितल्या, पुढं तीच मला सांगायला लागली.

खरी गंमत परतताना. वर्गातली एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, बाईच्या दगडावर नवऱ्याचं नाव, हुद्दा, पलटण सगळं हाय. ती काय करायची ते कुठंच नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. तर पुढचा प्रश्न: "आणि आमच्या गावच्या देवळामागं नुसता हात हाय, बांगड्या भरलेला. तिचं तर नावबी नाही."

अरे, ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईचा दगड! कोपरात दुमडलेला हात, न फुटलेल्या बांगड्या, वर चंद्र-सूर्य. शेजारी वीरगळही असणार, झुंजीत पडलेल्या वीराचा दगड: खाली झुंज, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, माथ्याला शिवलिंगाची पूजा. मी पोरांना इंग्रजांच्या दारात नेलं, आणि ती रोज ज्या दगडाला टेकून बस धरते तो मला माहीतही नव्हता. माझं मत विचारशील तर सुरुवात तिथूनच करायला हवी. इंग्रजी वाचता न येणाऱ्या पोरालाही वीरगळ वाचता येतो, खालून वर.

आता डोक्यात कित्तूरची लढाई आहे, राणी चन्नम्मा आणि इंग्रजांची. १८२४ ला पडलेल्या कलेक्टर थॅकरेचं स्मारक धारवाडला, राणी चन्नम्मांची समाधी बैलहोंगलला, आणि राणीच्या बाजूनं लढलेल्या, १८३१ ला फाशी दिलेल्या संगोळ्ळी रायण्णाची आपल्या खानापूर तालुक्यात, नंदगडला. एकाच भांडणाचे तिन्ही दगड एका दिवसात होतात का, गाडीवाल्याला विचारलंय. बैलहोंगल एकीकडं, नंदगड दुसरीकडं, त्यामुळं तो भाव वाढवून सांगतोय.

तुझ्याकडं काम एवढंच: तुमच्या गावात मारुतीच्या पाराशी ऑइलपेंट फासलेला एक उभा दगड आहे, लहानपणी त्यावर आपण विट्या आपटायचो. काकांना विचार, रंगाखाली काय कोरलंय ते कुणी पाहिलंय का. खरवडू मात्र नका, मी येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मास्तर