पंखांना उजेड देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आले ती कापडात गुंडाळलेली बॅटरी घेऊन. लिथियम पॉलिमरची चपटी पिशवी, उशीसारखी टम्म फुगलेली. ‘टाचणी टोचून हवा काढली तर चालेल का?’ असं मी चक्क विचारलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. आधी ती माझ्या हातून काढून घेतलीत, वाळूच्या पत्र्याच्या डब्यात घालून बाहेर उघड्यावर ठेवलीत, आणि मग म्हणालात, ‘आता बस, काय केलंस ते सांग.’ पहिले आभार या क्रमाबद्दल.

केलं इतकंच होतं, की स्विच बंद करायला विसरले. नाचाच्या पोशाखाच्या पंखांवरचे दिवे रात्रभर मिणमिणत राहिले, बॅटरी ३ व्होल्टच्याही बरीच खाली गेली आणि सकाळी मी ती तशीच चार्जिंगला लावली. वेळीच वीज तोडणारं संरक्षक सर्किट तिच्यात नव्हतंच. हलकी म्हणून मी ती निवडली होती. शिवणकामातली बाई मी, वजनापलीकडे काय बघणार!

मी विचारत होते, ‘आता याहून मोठी कुठली घेऊ?’ तुम्ही उलट विचारलंत, ‘नाच किती मिनिटांचा?’ बारा. हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. मग तुम्ही कागद घेतलात. पंखांवर १२० दिवे. पूर्ण पांढरा पेटला तर एकेक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, म्हणजे सगळे मिळून ७.२ अँपिअर. माझा चेहराच पडला. तुम्ही दिवे चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये उजेड एक तृतीयांशावर आणलात, पांढऱ्याऐवजी निळा-जांभळा ठेवलात आणि वीज मोजायचा मीटर वाटेत जोडलात. आकडा १.२ अँपिअर. अंधारात डोळ्यांना फरक जेमतेम कळत होता.

म्हणून ५,००० मिलिअँपिअर-तासांची साधी पॉवर बँक पुरली. तिच्यावरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, ५ व्होल्टवर चढवताना त्यातले तीन हजारच्या आसपास हाती लागतात, हे तुम्ही सांगेपर्यंत मी तो आकडा देववाणीच मानत होते. तरीही दोन-अडीच तास निघतात. शिवाय संरक्षक सर्किट आतच, आणि बाहेर कडक कवच. कमरेच्या पट्ट्यात कप्पा शिवताना तुमची एकच अट होती: एका हाताने ओढली की बॅटरी बाहेर आली पाहिजे. शिवलेल्या कपड्यातून पेटती वस्तू काढायला कात्री शोधावी लागू नये. ती अट मी आता प्रत्येक कपड्याला लावते.

मुकुटाची गंमत वेगळीच. वीसच दिवे, म्हणून मी त्यालाही छोटी पॉवर बँक लावली. अंधाराच्या प्रसंगात दिवे विझले, वीज इतकी कमी ओढली गेली की बँकेला वाटलं काही जोडलेलंच नाही, आणि ती बंद पडली. पुढे राणी अंधारातच! तुम्ही तिथे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल बसवलेत. ते १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८. साधे अल्कलाइन चार लावले असते तर ६ व्होल्ट झाले असते आणि ते दिव्यांच्या पाच व्होल्टच्या पट्टीला सोसले नसते.

चार्जिंगबद्दलचं तुमचं बोलणं मात्र बोचलं होतं, कारण खरं होतं. झोपताना लावून ठेवायची नाही. गादीवर, कपड्यांच्या ढिगात नाही. अंगावर चढवलेल्या पोशाखात तर नाहीच. आधी बॅटरी वेगळी काढायची, मग फरशीवर, डोळ्यांसमोर. निकेलच्या सेलना त्यांचाच चार्जर, लिथियमचा नाही. आणि हंगाम संपला की लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण अर्धी भरून ठेवायची. तशीच ठेवली आहे, पंखांपासून वेगळी, चिठ्ठी लावून.

ती फुगलेली मी ई-कचरा घेणाऱ्यांकडे स्वतः नेऊन दिली, न टोचता.

प्रयोगात पंख शेवटपर्यंत पेटले. उतरवून हात लावला तर पॉवर बँक कोमट, बस्स. तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या पोशाखाचं मोजून झालं की आणून देते.

तुमची,
पंखवाली