शुक्रवार मी घेतला

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर माझी बोटं बघून तू "एवढी भांडी घासतेस का गं?" विचारलंस आणि मी पटकन विषय बदलला. भांडी मशीन घासतं. बोटांचं जे झालंय ते गिटारच्या तारांनी. पोलादी तारा असतात, त्यांनी आधी टोकं सोलवटतात आणि मग घट्टे पडतात. ते पडायलाच हवेत. तेव्हा खोबरेल, हळद, कैलासजीवन यातलं काहीही पार्सल करू नकोस.

आता मुद्द्याचं. या महिन्यापासून मी आठवड्याचे चारच दिवस ऑफिसला जाते. शुक्रवारी सुट्टी, आणि पगार त्या हिशेबाने कमी. विचारत नाहीये, सांगतेय. सह्या होऊन गेल्या. नोकरी पक्की आहे, विमा चालू आहे, घराचा हप्ता वेळेवर जातो. मिरजेला यातलं काहीही जाणवणार नाही. पोळ्यांच्या मावशी, बाबांची औषधं, इन्व्हर्टरची नवी बॅटरी, मे महिन्यातला हापूस, सगळं आहे तसंच. बॅटरी तर या महिन्यातच बदलून घ्या, पैसे पाठवलेत. आणि आई, "मुलीच्या पैशांचे आंबे" हे सुरू करू नकोस.

बाबा, तुम्ही म्हणाल, सतारमेकर गल्ली हाकेवर होती तेव्हा तंबोऱ्याला हात लावला नाहीस आणि आता बेचाळिसाव्या वर्षी गिटार? तेही ब्लूज? पण तो इथलाच आहे ना. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवरून काळी माणसं आगगाडीने इथे शिकागोला आली, कारखान्यांत लागली, आणि येताना हे गाणं घेऊन आली. त्यांतलाच एक गाणारा, मडी वॉटर्स, तिकडे ट्रॅक्टर चालवायचा, १९४३ मध्ये इथे आला. इथल्या बारमधल्या गलक्यात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेची घेतली. मी शिकते ती शाळा १९५७ पासून चालू आहे. वर्गात निवृत्त पोस्टमन आहेत, नर्स आहेत. माझ्यापेक्षा मोठेच जास्त.

आणि गंमत म्हणजे पहिल्याच पाठात धानी राग निघाला! सा, कोमल ग, म, प, कोमल नि. नवशिक्याला हे पाचच स्वर देतात. पण खाली साथीला जो कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला स्वरांचा जुडगा, वाजतो त्यात शुद्ध गंधार असतो आणि वर आपण कोमल लावायचा. तुम्ही असता तर पहिल्या मिनिटाला "अगं, बेसूर!" म्हणून उठून गेला असता. तो खटका हवाच असतो. शिवाय तार बाजूला ढकलून कोमल गंधार किंचित चढवायचा, शुद्धपर्यंत न्यायचा नाही. पेटीवर मींड येत नाही म्हणून तुम्ही हळहळायचात ना, ती इथे एका बोटात आहे. म्हणजे असायला हवी. माझं बोट अजून अर्ध्यात दमतं.

ब्लूजचं आवर्तन बारा खणांचं, प्रत्येकात चार मात्रा. पहिले चार खण ई हा कॉर्ड, मग दोन ए, परत दोन ई, आणि नवव्यात बी-सेव्हन, ज्याला चारही बोटं चार तारांवर लागतात. तिथे पोचेपर्यंत माझी करंगळी संपावर गेलेली असते.

आई, हे तुझ्यासाठी. इथे बडी गाय म्हणून एक मोठा ब्लूजवाला आहे. (आडनाव आहे, हसू नकोस.) लुईझियानाहून निघाला तेव्हा त्याच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तिला बरं वाटावं म्हणून त्याने थाप मारली, की तिकडे खूप पैसे मिळवीन आणि ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन परत येईन. गाडी आली नाही, आई गेली. आता त्याच्या गिटारवर पांढरे ठिपके असतात.

म्हणून मला "बघते, जमवते" असं करत दिवाळीपर्यंत तुम्हाला झुलवायचं नाही. चार दिवसांच्या नोकरीत रजाही कमी मिळते. दिवाळीला मी येत नाहीये. जानेवारीच्या शेवटी येते, चांगली तीन आठवडे, आणि कुठेही न जाता घरीच राहते. तिळगूळ ठेव माझ्यासाठी. आणि रोज सकाळी तुझ्याच हातचं आलं घातलेलं दूध, मोठ्या पेल्यात, साय न काढता. लहानपणी कुरकुरायचे, आता नाही.

चकल्या या वर्षी विकत आणा. गुडघे घेऊन शेगडीपुढे बसायचं नाही. बाथरूममधला दांडा दादाने बसवला का? त्याचा फोटो पाठवा, फोनवरचं "हो हो" मला चालत नाही. बाबा, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर या आठवड्यात तपासा. ब्लूजवाल्या बी. बी. किंगला तुमचाच आजार होता, तरी ऐंशी उलटल्यावर बसून का होईना वाजवत राहिला. एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. त्याच्याकडे बघून तरी जेवणानंतरचा पेढा सोडा.

आणि पेटी माळ्यावरून उतरवा. तिचं का थांबलं ते मला माहीत आहे, आपण तो विषय काढणार नाही. पण स्वतः स्टुलावर चढू नका, दादाला बोलवा. भाता फाटला असेल, सूर गंजले असतील, सगळं नीट करून घ्या; खर्च माझा. जानेवारीत मला साथ हवी आहे. माझा सा पांढरी तीन.

तुमची,
मनू

ता. क. बॅटरीवाल्याकडून पावती घ्या.