नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

अमळनेरच्या विज्ञान व्याख्यानांना आलेल्या सगळ्यांचे आभार आहेतच. पण काही जण मदत करून गुपचूप निघून गेले, हे त्यांच्यासाठी.

क्वांटम डॉट, म्हणजे उजेड देणारे अतिसूक्ष्म कण, दाखवायचे तर सभागृहात काळोख हवा. भर दुपारी खिडक्यांवर केळीच्या गाडीची ताडपत्री चढवणारे दादा कोण होते? त्यांच्यामुळेच शेवटच्या रांगेलाही दिसलं की पदार्थ तोच, पण कण लहान तर उजेड निळा, थोडा मोठा तर तांबडा. काही टीव्हींच्या पडद्यात हेच कण असतात, आणि २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्याच शोधाला मिळालं.

ऑक्सिमीटरच्या वेळी वक्ते तरंगलांबीत शिरले आणि मागे कुजबुज सुरू झाली. तेव्हा एका मावशींनी शेजारणीला सांगितलं, "बोटमा दोन उजेड टाकस, रगतनी कितला खादा ते मोजस." अगदी बरोबर! ऑक्सिजन असलेलं रक्त डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं रक्त लाल उजेड जास्त शोषतं. त्या फरकावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा येतो. मावशी, पुढच्या वेळी तुम्ही मंचावर बसा.

गार पाण्याचे माठ भरणाऱ्या पोरांचेही आभार. आणि वीज गेल्यावर जनरेटर आणणारे भाऊ, डिझेलचे पैसे घेऊन जा, आमचा हिशेब अडलाय.