तोंडावर 'भावा', मोबाईलवर 'आफ्रिकेला जा'

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या खानापूर भागात कबड्डीचे सामने झाले, त्यात एक सिद्दी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या समाजातला पोरगा असा काय खेळला की शिट्ट्या थांबेनात. रात्री कुणीतरी व्हिडिओ इन्स्टाला टाकला आणि खाली बघतोय तर 'निग्रो', 'आफ्रिकेला पाठवा', माकडाचे इमोजी. खरं नाव एकाचं पण नाही, कुणी किंग, कुणी टायगर, फोटो बाईकचा.

त्यातला एक मी ओळखला, आमच्याच गल्लीतला, लिहिताना चुका पण त्याच करतोय. हा त्या सिद्दी पोरासोबत रोज एकाच टपरीवर चहा पितोय ओ! धरला तर म्हणाला, "काका, चेष्टा केलती, आणि माझं नाव कुठं होतं त्यात?"

पोर्तुगीजांनी ह्या सिद्दींच्या पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथनं पळून बरेच जण घाटावरच्या जंगलात आले, खानापूर, हल्याळ, यल्लापूर. कोंकणी, मराठी, कन्नड सगळं बोलतात. आपल्याला मराठी म्हणून कुणी 'महाराष्ट्रात जावा' म्हटलं की तिळपापड होतोय, आणि आपलीच पोरं दुसऱ्याला आफ्रिका दाखवालेत.

आता कुणीतरी म्हणणार, अकाउंटला आधार जोडा. मला नाही पटत. त्या सिद्दी पोराचं पण एक बिननावाचं अकाउंट आहे, त्यानंच दाखवलं. बसमध्ये 'कुठल्या देशाचा रे' विचारतात, भाड्याची खोली बघायला गेलं की अचानक ती भरलेली असतीय, असलं सगळं तिथं लिहितोय. स्वतःच्या नावानं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरी फोन जाणार. त्याचा तेवढा आडोसा काढून किंगचं तोंड बंद होणार आहे होय? नावानिशी शिव्या देणारे काय कमी आहेत?

उत्तर कन्नडचे सिद्दी 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत, बेळगाव-धारवाडचे 2020 मध्ये आले. म्हणजे 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, आणि फेक अकाउंटमागचा माणूस पोलिसांनी मनावर घेतलं तर सापडतोय. पण पोरगा तक्रार द्यायला तयार नाही, म्हणतोय मग टपरीवर कुठल्या तोंडानं बसू. व्हिडिओ टाकणाऱ्या पेजवाल्याला सांगून आठवडा झाला, निदान त्या ओळी तरी काढ म्हणून, तर व्ह्यूज वाढालेत म्हणून तो हात लावत नाही.

नाव-पत्ता सोबत दिलाय पण छापू नका, नाहीतर गल्लीतला किंग कोण ते सगळ्या गावाला कळेल.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव