बाळाच्या मधल्या नावाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाळाचं नाव सोमवारी कागदावर घातलं: विनायक फ्रँकलिन. फोनवर बाबा गप्प झाले, म्हणून लिहितेय. पहिलं नाव आबांचंच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. मधे बापाचं नाव हवं होतं, हे मला कळतं. पण इथे अमेरिकेत त्या जागी बरेचदा घराण्यातलं जुनं नाव ठेवतात, आणि तुमच्या जावयाच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या फ्रँकलिनच आहे.

ही मंडळी मूळची मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन गावची. १७७८ मध्ये ते रेंथममधून वेगळं झालं. आधी एक्झेटर नाव ठरत होतं, मग बेंजामिन फ्रँकलिन यांचं ठेवलं. चर्चसाठी त्यांच्याकडे घंटा मागितली, तर त्यांनी पुस्तकं धाडली. नादापेक्षा समज बरी, असं त्यांचं म्हणणं. ११६ पुस्तकं, बाबा! १७९० मध्ये गावसभेने ती सगळ्या गावकऱ्यांना फुकट वाचायला द्यायचं ठरवलं. अजून तिथल्या वाचनालयात आहेत. मला बोट धरून वाचनालयात नेणारे तुम्ही, तुम्हाला त्या कपाटासमोर उभं करायचंय.

वंशावळही ऐकीव नाही, नीट तपासलीय. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. पुढेही बेंजामिन फ्रँकलिनऐवजी नुसतं ‘बी. एफ.’ लिहिलेलं असलं की दोन चुलत भाऊ एकच वाटतात. मग गावच्या जन्मनोंदीत आईबापांची नावं आणि साल जुळवावं लागतं. नुसत्या नावावर तर विसंबूच नये. टेक्ससमधली फ्रँकलिन काउंटी बेंजामिन क्रॉमवेल फ्रँकलिन या न्यायाधीशांच्या नावाची आहे, ते वेगळेच.

आई, घरात हाक ‘विनू’च. तुझ्या दुपट्याशिवाय तो झोपत नाही, मी नाही का तुझ्या पदराशिवाय झोपायचे. बारसं तुम्ही आल्यावरच, आणि कानात नाव तूच सांगायचंस.

तुमची खोली खालीच आहे, गुडघ्यांना जिना नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. भात मऊच करीन.

बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या, मूळ पाकिटात आणि हातातल्या बॅगेतच. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिकडचा ब्रँड इथे ओळखत नाहीत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. “मी चालतो” अजिबात चालणार नाही. आणि पासपोर्टची मुदत आजच बघून कळवा.

तुमची,
चिऊ