टाके पडल्यावरच्या गोळ्या

प्रतिजैविकांच्या अतिवापरावरील आपला अग्रलेख पटला. पण त्यात शस्त्रक्रियेचा मुद्दा राहिला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळू नये म्हणून दिलेले औषध चीर देतानाच ऊतींत पोहोचलेले हवे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांनुसार डोस चिरेआधीच्या १२० मिनिटांत द्यायचा आणि शस्त्रक्रियेनंतर निव्वळ खबरदारी म्हणून औषध पुढे चालू ठेवायचे नाही. माझ्या हर्नियानंतर मात्र पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी हाती पडली. ताप नाही, जखम कोरडी. ‘कशासाठी?’ विचारले, तर उत्तर आले, ‘असू द्या काका.’ अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला असेल तर गोष्ट निराळी. तिथे प्रतिजैविक हा उपचारच असतो.

– एक वाचक, सातारा